सासू-सासऱ्यांचा विमा दोनदा, आई-वडिलांचा एकदाही नाही

ताई, मी ३६ वर्षांची आहे. बाणेरला राहते आणि हिंजवडीतल्या एका इंजिनिअरिंग डिझाइन कंपनीत सहा वर्षं नोकरी करते. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये पहिल्यापासून माझे आई-वडील होते. वडील ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त, मधुमेही. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला, तेव्हा जवळपास सगळं बिल याच पॉलिसीतून भागलं. आई ६५ वर्षांची. दोघं वाईला असतात. भाऊ नाही, धाकटी बहीण अजून शिकतेय. दिवाळीनंतर माझं लग्न झालं. एचआर पोर्टलवर ‘विवाहित’ अशी नोंद केली आणि त्याच क्षणी आई-वडिलांची नावं फिकी पडली. खालच्या यादीत ‘सासू’ आणि ‘सासरे’ एवढेच पर्याय उरले. एचआरचं म्हणणं, विवाहित महिलांना सासू-सासरेच घालता येतात. पुरुष सहकाऱ्यांचे आई-वडील मात्र लग्नाआधी होते, लग्नानंतरही आहेत. १ एप्रिलच्या रिन्यूअलला माझ्या आई-वडिलांची नावं निघणार आहेत. नवऱ्याच्या कंपनीत माझे सासू-सासरे आधीपासूनच आहेत. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘इन्शुरन्स कंपनीचा नियम आहे, आमच्या हातात काही नाही.’ हे कायद्यात बसतं का? मैत्रीण म्हणते, पुन्हा ‘अविवाहित’ करून घे, कोण बघतंय. जाता जाता अजून एक. आमच्या पँट्रीतल्या मावशी एजन्सीकडून येतात, पगार १४,००० रुपये. मागच्या महिन्यात त्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही वर्गणी काढली. माझ्याकडे निदान भांडायला काही आहे, त्यांच्याकडे तेही नाही.
— एक वाचक, बाणेर

तुमचा राग अगदी रास्त आहे आणि त्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. पण त्याआधी १ एप्रिलचं बोलू. नियम बदलेल किंवा नाही बदलणार, ३१ मार्चच्या रात्री तुमचे वडील विम्याशिवाय राहता कामा नयेत.

ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांत आहे. याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. एचआर सहसा हे आपणहून सांगत नाही, कारण त्यांचा संबंध तुमच्याशी असतो, तुमच्या आई-वडिलांशी नसतो. याचा मोठा फायदा वेटिंग पीरियडमध्ये आहे. तुमच्या वडिलांसाठी आज बाजारातून अगदी कोरी पॉलिसी घेतली, तर मधुमेह आणि हृदयविकार हे ‘आधीपासूनचे आजार’ धरले जातील आणि त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकेल. मायग्रेशन केलं तर ग्रुप पॉलिसीत काढलेली सलग वर्षं त्या मुदतीत मोजली जातात. अर्थात ग्रुपमध्ये जितक्या रकमेचं संरक्षण होतं तितक्यापुरतीच. कंपनी वैद्यकीय तपासणी मागेल, हप्ता चांगलाच जास्त सांगेल, कदाचित नकारही देईल. म्हणून अर्ज आजच करा. रिन्यूअलच्या महिना-दीड महिना आधी कागद त्यांच्या हातात असायला हवेत. खंड पडल्यावर गेलात तर तुमचे वडील त्यांच्यासाठी ७१ वर्षांचे, स्टेंट बसवलेले नवे ग्राहक असतील. एचआरकडून दोन गोष्टी ईमेलवर मागून घ्या: मास्टर पॉलिसीचा, म्हणजे कंपनीने घेतलेल्या मूळ ग्रुप पॉलिसीचा नंबर, आणि आई-वडील कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत किती रकमेला समाविष्ट होते याचं पत्र.

हप्त्याचा आकडा पाहून घाबराल, तेव्हा एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्यावर आयकरात ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

शिवाय वडिलांची सत्तरी उलटली आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधार कार्ड घेऊन वाईच्या एखाद्या सेवा केंद्रात गेलात तर नोंदणी होते. आईसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात आता उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. दोन्हींत रुग्णालयं ठरलेली आणि उपचार यादीतले, त्यामुळे कंपनीच्या मेडिक्लेमची जागा या योजना पूर्ण भरून काढणार नाहीत. पण वडिलांचं कार्ड या आठवड्यात काढून ठेवा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता नियमाकडे वळते.

‘इन्शुरन्स कंपनीचा नियम आहे’ हे वाक्य पुण्यातल्या किती ऑफिसांत किती जणांनी ऐकलं असेल! ते खरं नाही. ग्रुप पॉलिसीत विमा घेणारी पार्टी तुमची कंपनी आहे. ‘कुटुंब’ म्हणजे कोण, आई-वडील घ्यायचे का, वयाची मर्यादा किती, कोपे (म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा) किती, हे सगळं दरवर्षी रिन्यूअलच्या आधी कंपनीचा एचआर किंवा फायनान्स विभाग ब्रोकरबरोबर बसून ठरवतो. विमा कंपनी त्या व्याख्येवर भाव सांगते. व्याख्या बदलली की भाव बदलतो, एवढाच तिचा अधिकार. हिंजवडी आणि खराडीच्या कितीतरी कंपन्यांत ‘आई-वडील किंवा सासू-सासरे, कोणतीही एक जोडी, स्त्री असो वा पुरुष’ अशी व्याख्या आहे, आणि ती मान्य करणाऱ्या विमा कंपन्या याच आहेत. म्हणजे पोर्टलवर तुमच्या वडिलांचं नाव फिकं पडलं, ते तुमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी एका तक्त्यात ‘महिला – विवाहित – सासू-सासरे’ असं भरलं म्हणून. बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी भरलं, आणि त्यानंतर दरवर्षी तोच तक्ता पुढे गेला.

विमा कंपन्यांना एक भीती खरीच असते, ती मी नाकारत नाही. निवड पूर्ण मोकळी ठेवली तर माणसं चारही वडीलधाऱ्यांपैकी जे आजारी तेवढेच घालतील, आणि क्लेम वाढतील. म्हणूनच ‘एकच जोडी, आणि एकदा निवडली की बदलायची नाही’ अशी अट असते. ती अट मला योग्य वाटते. पण त्या अटीचा स्त्री-पुरुष असण्याशी काय संबंध? पुरुषाने त्याचे आई-वडील निवडले तर धोका कमी आणि बाईने तिचे निवडले तर जास्त, असं कुठलंही गणित नाही. उलट तुमच्या उदाहरणात सासू-सासऱ्यांवर दोन कंपन्या हप्ता भरणार आणि वाईची दोन माणसं उघडी पडणार. यात तुमच्या कंपनीचा एक पैसाही वाचत नाही.

कायद्याचं उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही, म्हणून जरा सावकाश सांगते. खासगी कंपनीने कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांना मेडिक्लेम दिलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. करोनाच्या वेळी, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राच्या आदेशात कामगारांना वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता. त्याचा हवाला अजून कुणीकुणी देतात, पण तो आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा त्या काळापुरता आदेश होता. उद्या तुमची कंपनी म्हणाली की यापुढे फक्त नवरा-बायको आणि मुलं, तर ते कायद्यात बसेल. संविधानातलं कलम १४ आणि १५ सरकारला बांधतं, खासगी कंपनीवर ते थेट चालत नाही.

पण कंपनीने आई-वडील घ्यायचं ठरवलं, आणि मग पुरुषाला एक नियम आणि बाईला दुसरा लावला, की चित्र बदलतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम ३ सांगतं की सारख्या कामासाठी नेमणूक करताना आणि नोकरीच्या शर्तींत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. मेडिक्लेम तुमच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेला असेल, तर तो नोकरीच्या शर्तींचा भाग आहे, असं म्हणायला तुमच्याकडे चांगला आधार आहे. कंपनीचा वकील म्हणेल की ही शर्त नाही, ही कंपनीची मर्जीने दिलेली सवलत आहे. म्हणून ते ऑफर लेटर आणि कंपनीचं लाभांचं पुस्तक आजच शोधून काढा. ‘आई-वडिलांसह आरोग्य विमा’ असे शब्द त्यात सापडले तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, आणि मीटिंगमध्ये तीच जास्त चालेल. आपल्या कायद्याने म्हाताऱ्या आई-वडिलांची जबाबदारी कुणावर टाकली आहे? २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात ‘अपत्य’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात येतात. मुलीचं लग्न झालं की ती वगळली जाते असं त्यात कुठेही नाही. आणि सून त्या व्याख्येत नाही. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९८७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने डॉ. विजया अरबट यांच्या खटल्यात निकाल दिला होता की विवाहित मुलीवरही आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी असू शकते. तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला. वडिलांनी मुलीकडे पोटगी मागितली होती, आणि मुलीचं म्हणणं होतं की माझं लग्न झालंय, मी कशी जबाबदार? न्यायालयाने ते मानलं नाही. आता बघा, कायदा म्हणतो आई-वडिलांना सांभाळणं लेकीचं कर्तव्य आहे, लग्न झालं तरी. आणि तुमची कंपनी म्हणते, लग्न झालं, आता ते तुझे अवलंबित नाहीत; ज्यांची कायदेशीर जबाबदारी तुझ्यावर नाही ते तुझे अवलंबित. लेक परक्याचं धन, हा विचार आपल्या घरांतूनही हळूहळू निघत चाललाय. तो एका पोर्टलच्या यादीत बसून राहिलाय हे मला फार खुपलं.

सरकारी नोकरीत हे बऱ्याच आधी सुटलंय. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांतून निवड करता येते. आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी परिचर्या सेवेतल्या एका महिला अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की लग्न झालं म्हणून बाईचे हक्क काढून घेणारे नियम घटनाबाह्य आहेत, आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तो निकाल सरकारविरुद्धचा आहे, तुमच्या कंपनीवर तो तसाच्या तसा चालणार नाही. पण कुठल्याही एचआर प्रमुखाला तो वाचून दाखवला तर ‘आमचा नियम बरोबर आहे’ असं लेखी द्यायला हात धजावणार नाही.

आता कुठे जायचं? नारायण पेठेतलं विमा लोकपालांचं कार्यालय तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. क्लेम नाकारला, कमी दिला, उशीर केला, तर तिथे जरूर जा. पण कुणाला पॉलिसीत घ्यायचं हा तुमच्या कंपनीचा निर्णय आहे, त्याविरुद्धची तक्रार लोकपालांपुढे टिकणार नाही. कामगार आयुक्तांकडे वेतन संहितेखाली तक्रार करता येते. ती मी शेवटी ठेवेन. रिन्यूअल तोंडावर आहे, आणि नियम बदलण्याची सगळ्यात स्वस्त वेळ हीच असते: जुनी पॉलिसी संपतेय, नवीचा भाव अजून ठरायचाय, ब्रोकर रोज मेल पाठवतोय. १ एप्रिल उलटला की कंपनी खुशाल म्हणेल, पुढच्या वर्षी बघू.

एकटीने जाऊ नका. तुमच्या मजल्यावर लग्न झालेल्या आणि आई-वडील पॉलिसीतून गेलेल्या आणखी बायका नक्की असतील. त्या गप्प राहिल्या, कारण प्रत्येकीला वाटलं हे आपल्यापुरतंच आहे. त्यांना शोधा. ज्या पुरुष सहकाऱ्याच्या बायकोला भाऊ नाही, त्यालाही विचारा. त्याला सासू-सासरे घालायचे असतील तर आजच्या नियमात त्यालाही दार बंद आहे. तो बरोबर आला की हे ‘बायकांचं गाऱ्हाणं’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

मेल इंग्रजीत पाठवाल, पण मजकूर साधारण असा असू द्या: ‘आमच्या माहितीप्रमाणे अवलंबितांची व्याख्या विमा घेणारी म्हणून कंपनी ठरवते. सध्याच्या व्याख्येत पुरुष आणि विवाहित महिला कर्मचाऱ्यांना वेगळा नियम आहे. येत्या रिन्यूअलमध्ये सर्वांना आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एक जोडी निवडता यावी, यासाठी ब्रोकरकडून भाव मागवावा. कंपनीवर भार येत असेल तर फरकाचा हप्ता पगारातून कापून घ्यायला आमची तयारी आहे. सध्याचा नियम कोणत्या कारणाने ठेवला आहे, हे कृपया लेखी कळवावं.’ शेवटचं वाक्य गाळू नका.

पगारातून कापायचा पर्याय मी मुद्दाम घातला आहे. ‘आम्हालाही तेच द्या’ एवढीच मागणी केली तर एखादी कंपनी ‘मग कुणालाच नको’ म्हणून सगळ्यांचे आई-वडील काढून टाकते. समानता झाली, आणि तुमच्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलाचे वडीलही उघडे पडले. असं झालं तर ऑफिस तुमच्यावर उलटेल. म्हणून पहिल्याच मेलमध्ये खर्चाचा मार्ग दाखवून ठेवा. ग्रुपच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी अजून आहे, तरीही ७१ वर्षांच्या मधुमेही माणसासाठी ग्रुपमधला हप्ता बहुतेक वेळा बाहेरच्यापेक्षा परवडतो, आणि आधीपासूनच्या आजारांना वेटिंगही सहसा नसतं. मायग्रेशनचा अर्ज मात्र चालूच ठेवा. कंपनीने हो म्हटलं तर तो मागे घेता येईल.

मैत्रिणीचा सल्ला मानू नका. ती तुमच्या भल्यासाठीच म्हणतेय, पण ‘अविवाहित’ अशी खोटी नोंद करून ठेवलेलं संरक्षण नेमकं गरजेच्या वेळी कोसळतं. वडील आयसीयूत असताना टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने कागद तपासले आणि तुमचं लग्न उघड झालं, तर क्लेम जाईल, आणि खोटी माहिती दिली म्हणून नोकरीवरही येईल. शिवाय आज न्यायाची बाजू पूर्णपणे तुमची आहे, ती कशाला घालवायची? नवऱ्यालाही एक काम सांगा. त्याच्या कंपनीची व्याख्या काय आहे ते वाचायला सांगा. तिथे पुरुषाला सासू-सासरे चालत असतील आणि तुमच्याकडे सासू-सासरेच चालतात, तर यंदापुरती अदलाबदल करता येईल: त्याचे आई-वडील तुमच्याकडे, तुमचे त्याच्याकडे. ही तडजोड आहे, हे मला कळतं. पण वडिलांना विमा मिळतो, आणि नियमाशी भांडण त्यानंतरही चालू ठेवता येतं.

आता मावशी. ‘त्यांच्याकडे तेही नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मला उलट वाटतं. तुमच्या अख्ख्या ऑफिसात आरोग्य विम्यावर सगळ्यात पक्का कायदेशीर हक्क कुणाचा असेल तर तो त्यांचा आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. तुमचा मेडिक्लेम कंपनी देते. यांचा विमा कायदा देतो. १४,००० वर मावशींच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये, आणि मालकाकडून ३.२५ टक्के म्हणजे ४५५ रुपये भरले जायला हवेत. त्यात खर्चाला लाखांची मर्यादा नाही, मधुमेह आधीचा की नंतरचा हा प्रश्न नाही, नवरा-मुलं येतात, आणि ठरलेल्या उत्पन्नाच्या आत असलेले अवलंबित आई-वडीलही येतात. पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत.

त्या एजन्सीच्या आहेत म्हणून तुमची कंपनी हात वर करू शकत नाही. एजन्सीने वर्गणी भरली नाही तर मूळ मालक म्हणून ती तुमच्या कंपनीला भरावी लागते, आणि मग तिने ती एजन्सीकडून वसूल करायची. मावशींना त्यांची पगाराची पावती मागायला सांगा आणि तिच्यात ‘ईएसआय’ अशी कपात दिसते का बघा. कपात दिसते पण नंबर त्यांना कधी दिलेला नाही, असंही पुष्कळदा होतं: पैसे कापले जातात आणि माणसाला माहीतच नसतं की आपल्या नावावर विमा आहे. कपातच नसेल तर ईएसआय महामंडळाच्या बिबवेवाडीच्या कार्यालयात तक्रार करता येते. पण मावशींना एकटीला तिथे पाठवू नका. दुसऱ्या दिवशी एजन्सी त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणेल. त्या ऑपरेशनसाठी ज्यांनी ज्यांनी वर्गणी दिली, त्या सगळ्यांच्या नावाने तुमच्या ॲडमिन विभागाला एक मेल जाऊ द्या, आणि त्यात फक्त एवढंच विचारा: आपल्या ऑफिसात एजन्सीमार्फत काम करणाऱ्या प्रत्येकाचा ईएसआय नंबर काय आहे, आणि मागच्या सहा महिन्यांची वर्गणी भरल्याच्या पावत्या कुठे पाहायला मिळतील.